वीस किलोमीटरचा एक तास

कॅम्पवर माझं टेबल खिडकीजवळ होतं आणि खिडकीतून यार्ड दिसायचं. टिप्पर, रोलर, पाण्याचा टँकर, दोन पोकलेन आणि काँक्रीट वाहणारे तीन मिक्सर. सगळ्या मिळून चौदा गाड्या. त्या वेळेवर सर्व्हिसला लावणं हे माझं काम. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर वर्षभर घरी बसले होते, मग दवनीवाड्याच्या पुढे रस्त्याचं काम सुरू झालं आणि ठेकेदाराच्या कॅम्पवर जागा निघाली. मी तिरोड्याहून रोज स्कूटीने जायचे. कॅम्पवर बायका दोनच, स्वयंपाक करणारी आणि मी.

एका जागी बसण्याचा माझा स्वभाव नाही. जेवतानाही पाय हलत असतो. आई म्हणायची, "एका जागी बस नं बाई, घर हालून राह्यलं." कॅम्पवरही तेच. दर अर्ध्या तासाला उठून यार्डात एक चक्कर मारायची, टायर बघायचे, कुठे तेल ठिबकलंय का बघायचं आणि परत येऊन आकडे भरायचे. साहेबांना वाटे मी फार मन लावून काम करते. खरं म्हणजे मला बसवतच नसे.

इंजिनचं तेल किती दिवसांनी बदलायचं हे इंजिन किती तास चाललं त्यावर ठरतं. आमच्याकडे अडीचशे तासांचा नियम होता. पोकलेनवर तास मोजणारं मीटर असतं. पण रस्त्यावर धावणाऱ्या आमच्या बऱ्याच जुन्या गाड्यांवर असं मीटर नव्हतं, होतं तेही बंद पडलेलं. किलोमीटर मात्र सगळ्यांचे दिसायचे. म्हणून आधीच्या माणसाने एक सोपी रीत काढून ठेवली होती. टिप्पर भरून जाणं, रिकामा येणं, खाली करणं, सगळं धरून तासाला सरासरी वीस किलोमीटर होतात. म्हणजे किलोमीटरला वीसने भागा, तास मिळाले. मी ती कॉम्प्युटरवर बसवली. सकाळी चालकांनी किलोमीटर सांगायचे, मी भरायचे आणि समोरच्या रकान्यात तास आपोआप यायचे. अडीचशेच्या जवळ आले की रकाना पिवळा, ओलांडले की लाल. मला त्या तक्त्याचा फार अभिमान होता. मुख्य ऑफिसमधल्यांनीही तो मागवून घेतला होता.

त्यात एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. आधीच्या माणसाच्या वहीत टिप्परसमोर वीस लिहिलं होतं, टँकरसमोर काहीतरी खाडाखोड होती आणि मिक्सरसमोरची जागा कोरी होती. मी तिथे वीस भरलं. मिक्सर पण ट्रकच, त्याच रस्त्यावर धावतो, असा विचार केला असेल. विचार केला की नाही तेही आता आठवत नाही. एका कोऱ्या चौकटीमुळे तक्ता अडला होता आणि मला पुढे जायची घाई होती.

दोन नंबरच्या मिक्सरवर जे चालक होते त्यांना सगळे काका म्हणायचे. दवनीवाड्याजवळच्या एका गावचे, पन्नाशी ओलांडलेले, घरी थोडी धानाची जमीन. बोलणं कमी आणि जे बोलायचे ते तोंडावर. मे महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. हातात वर्तमानपत्राचा तुकडा होता, त्यावर इंजिनच्या तेलाचा काळा डाग.

"मॅडम, हे पाहा. तेल बदलून द्या."

"का, काय झालं?"

"जाडं झालं. बोटात घेतलं का डांबरावानी लागते. इंजिन बी गरम होऊन राह्यलं."

मी तक्ता उघडला. दोन नंबरसमोर नव्याण्णव तास होते. रकाना पांढराशुभ्र. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवली. "काका, अजून शंभर तासही झाले नाहीत. अडीचशेला बदलायचं."

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे तास कोनं मोजले?"

"किलोमीटरवरून निघतात."

"किलोमीटर चाक मोजते, मॅडम. इंजिन कोन मोजते?"

मी काहीतरी उत्तर दिलं. सरासरी वगैरे. त्यांनी ते ऐकून घेतलं, कागदाचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेले.

तो कागद मी दिवसभर इकडून तिकडे सरकवत राहिले. दुपारी उठून वर्कशॉपच्या फोरमनकडे गेले. ते गोंदियाचे, हिंदीत बोलणारे, हाताखाली दोन मिस्त्री. म्हटलं, दोन नंबरचं तेल बदलून टाकू या का. त्यांनी विचारलं, "शीट में ड्यू है क्या?" मी म्हटलं नाही. "ड्यू नहीं है तो फिर काहे का टेंशन? काका को हर बात में शक है."

मला हवं होतं तेच उत्तर मिळालं आणि तरी मी अस्वस्थ. पुढचे आठ-दहा दिवस मी यार्डात नेहमीपेक्षा जास्त फिरले. दोन नंबर उभा असला की त्याच्या बाजूने जायचं टाळायचे, आणि टाळलं हे लक्षात आलं की मुद्दाम परत जायचे. घरी जाताना तिरोड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दूरवरून दिसायला लागल्या की मनात भागाकार सुरू व्हायचा. किलोमीटर भागिले वीस. भागाकार प्रत्येक वेळी बरोबर यायचा, त्यात चूक नव्हतीच. मग जीव कशाला टांगलेला आहे, तेच कळत नव्हतं.

मेच्या मध्यावर एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. नाल्यावरच्या पुलाच्या स्लॅबचं काम सुरू होतं. दोन नंबर पुलाशी उभा असताना बंद पडला होता. इंजिन जाम. आणि पाठीवरच्या ड्रममध्ये सहा घनमीटर काँक्रीट.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. मिक्सरचा ड्रम सतत फिरता ठेवावा लागतो, नाही तर आतलं काँक्रीट बसतं आणि दगड होतं. ड्रम फिरवतं ते ट्रकचंच इंजिन. इंजिन थांबलं की ड्रम थांबला. मेच्या उन्हात हातात फार तर तासभर.

मी स्कूटी काढली. पोचले तेव्हा काका चाकाजवळ उभे होते, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. स्लॅबवर काँक्रीट चढवणारा पंप सकाळपासून अडकला होता, त्यामुळे त्यांना भरलेली गाडी घेऊन दीड तास थांबावं लागलं होतं.

"तेलाचा लाल दिवा लागला," ते म्हणाले. "बंद करतो तं माल बसते. म्हणून ड्रम उलटा फिरवून नाल्याकाठी ओतून टाकू म्हटलं. थोडाच पडला न तेवढ्यात गचका बसला. संपलं."

फोरमन पाठोपाठ आले. दुसऱ्या मिक्सरला शेजारी लावून त्याच्या ड्रम फिरवणाऱ्या पंपाचे पाइप या ड्रमला जोडायचे, म्हणजे त्याच्या जोरावर हा ड्रम फिरेल, असं त्यांनी ठरवलं. पण जोडायला वेळ लागणार होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, शक्कर लाओ. जितनी मिले."

काँक्रीटमध्ये साखर पडली की ते लवकर बसत नाही. हे मी कॉलेजात कधी ऐकलं नव्हतं, पण विचारत बसायची वेळ नव्हती. जवळच्या गावात एकच किराणा दुकान. दुकानदाराने सगळी काढून मोजली तर नऊ किलो. "एवढी कायले पायजे जी? चहा ठेवला का रस्त्यावर?" तो हसला. मी त्याला काँक्रीटचं सांगितलं तर आणखीच हसला, पण बोटाने समोरचा मांडव दाखवला. लग्नघर होतं. दोन दिवसांनी लग्न, अंगणात बायका बुंदी पाडत होत्या. मी मांडवात उभी राहून धापा टाकत साखर मागितली. नवरीची आई की मावशी कोण होती माहीत नाही, तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पँटला ग्रीस.

"पुलासाठी साखर?"

"हो, मावशी. परत आणून देते, आजच."

"ने बाई. पूल झाला तं आमचीच पुढची वरात जाईन त्याच्यावरून." तिने दहा किलोचं पोतं माझ्या स्कूटीवर पायाशी ठेवायला लावलं.

ती साखर आम्ही पाण्यात कालवून बादल्यांनी ड्रमच्या तोंडातून आत ओतली. काका शिडीवर चढलेले आणि मी खालून बादल्या देत होते. पाऊण तासाने पाइप जुळले. ड्रम एकदा कुरकुरला, थांबला, मग हळूहळू फिरायला लागला. काँक्रीट रस्त्याकडेच्या खड्ड्यात पडायला लागलं तेव्हा तिथे जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण अर्ध्याहून थोडं जास्त पडल्यावर येणं थांबलं. उरलेलं आत धरून बसलं होतं.

संध्याकाळी मी दवनीवाड्याच्या दुकानातून नवी साखर आणून लग्नघरी दिली. त्यांनी मला बुंदी खायला लावली. उरलेली मी तशीच कागदात बांधून घेतली.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं. आत तेल नव्हतंच म्हणायचं, काळा गाळ होता. तेल खेचायची जाळी त्या गाळाने बुजली होती, म्हणून तेल वर पोचलं नाही आणि बेअरिंग चिकटलं. फोरमन गाळ बोटावर घेऊन बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही आणि मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

प्रोजेक्ट मॅनेजर साहेब नाशिककडचे. शांत माणूस, पण वरून विचारणा झाली की घाबरायचे. त्यांनी मला बोलावलं. "मुख्य ऑफिसला रिपोर्ट जायचा आहे. सर्व्हिसचा रेकॉर्ड जोड. शेवटच्या सर्व्हिसपासून किती तास?"

"एकशे पंधरा," मी म्हटलं.

"म्हणजे सर्व्हिसचा प्रश्न नाही. लाल दिवा लागल्यावर त्याने इंजिन चालू ठेवलं हे तो स्वतःच सांगतोय. कारणात लिही, चालकाचा निष्काळजीपणा."

मी लिहिलं. इंग्रजीत, व्यवस्थित. काकांचं नाव स्पेलिंग तपासून टाकलं. त्या दुपारी काकांना उद्यापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. ते माझ्या खिडकीसमोरून गेले, डबा आणि गमछा घेऊन. आत डोकावतील असं वाटलं होतं. सरळ गेटकडे गेले.

दुसऱ्या दिवसापासून यार्डात नवाच आवाज सुरू झाला. ड्रममध्ये बसलेलं काँक्रीट फोडायला दोन माणसं आत शिरायची. ड्रमच्या पोटातून ब्रेकरचा धडधडाट. आतली उष्णता सहन व्हायची नाही, दर पंधरा मिनिटांनी माणसं बाहेर येऊन डोक्यावर पाणी ओतून घ्यायची. राखेसारखी पांढरी झालेली. मी खिडकी लावली तरी आवाज टेबलातून येत होता. एका सकाळी मी तीन वेळा तोच आकडा चुकवला. मग पेन ठेवलं, हेल्मेट घातलं आणि तीन नंबरच्या मिक्सरमध्ये चालकाच्या शेजारी जाऊन बसले.

"कुठं जायचं, मॅडम?" चालकाने विचारलं.

"तू जाशील तिथे. दिवसभर."

त्याने सात वाजून दहा मिनिटांनी इंजिन सुरू केलं. मी वेळ लिहिली. बॅचिंग प्लांट, म्हणजे काँक्रीट बनतं ती जागा, यार्डाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे ड्रम धुतला, मग पाळी येईपर्यंत थांबलो. इंजिन चालूच. भरायला बारा मिनिटं. पुलापर्यंतचा रस्ता जेमतेम पाच किलोमीटर, वीस मिनिटं. पुलाशी आमच्या आधी एक गाडी, म्हणून पन्नास मिनिटं थांबलो. इंजिन मात्र चालू, कारण ड्रम फिरत होता. चालक खाली उतरून लिंबाच्या सावलीत बसला, मी केबिनमध्येच. सीट थरथरत होती, माझ्या मांडीवरची वही थरथरत होती आणि किलोमीटरचा काटा पन्नास मिनिटांत जागचा हलला नव्हता. मी त्या काट्याकडे पाहत बसले. आयुष्यात इतका वेळ एका जागी मी कधी बसले नसेन.

संध्याकाळी बेरीज केली. तीन फेऱ्या, एकतीस किलोमीटर. माझ्या तक्त्याप्रमाणे दीड तास. माझ्या वहीप्रमाणे साडेनऊ.

एका दिवसावरून काही म्हणता येत नाही, असं मीच स्वतःला सांगितलं. खरं तर मी पळवाट शोधत होते. पण आता थांबणंही शक्य नव्हतं. बॅचिंग प्लांटवर प्रत्येक फेरीचं चलान फाटतं. गाडी भरून किती वाजता निघाली, रिकामी होऊन किती वाजता परत आली, सगळं त्यावर असतं. जुनी चलानं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरून ठेवलेली. पुढचे तीन दिवस मी उजाडताच कॅम्पवर पोचत होते. फरशीवर चलानं पसरायची, दोन नंबरची वेगळी काढायची, तारखेप्रमाणे लावायची. फेब्रुवारीच्या शेवटी तेल बदललं तिथपासून इंजिन जाम झालं त्या दिवसापर्यंत. पंख्याने उडू नयेत म्हणून पंखा बंद. घामाने बोटांना शाई लागायची.

सातशे आठ तास.

ज्या सकाळी काका तेलाचा डाग घेऊन आले होते त्या दिवसापर्यंतचे वेगळे काढले. सहाशे. मी त्यांना नव्याण्णव दाखवले होते, स्क्रीन वळवून.

सगळे कागद घेऊन मी साहेबांकडे गेले. उभ्यानेच सांगितलं. त्यांनी चलानांचा गठ्ठा चाळला, माझी बेरीज दोनदा तपासली.

"मिक्सरला वीस कोणी धरलं? आधीच्याने?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. तो माणूस केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेला होता, त्याला कोण विचारणार होतं?

"नाही सर. त्याने जागा कोरी ठेवली होती. मी भरलं."

"कशावरून?"

"कशावरूनच नाही."

त्यांनी चलानांचा गठ्ठा बाजूला सरकवला. बाहेर ब्रेकर सुरू झाला, थांबला. मग म्हणाले, "तुला कळतंय ना, रिपोर्ट गेलेला आहे? आता मी वर काय सांगू, आमच्याच तक्त्यात चूक होती?"

"तेच सांगा, सर. नाही तर मी सांगते."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं माहीत नाही. मी धीट नाही. तिथे आणखी एक क्षण उभं राहणं सहन होत नव्हतं, एवढंच. ते म्हणाले, कागद ठेव आणि जा.

दोन दिवस काहीच नाही. त्या दोन दिवसांत मी तक्त्यातले सगळे जुने आकडे पुन्हा तपासले. टँकरचाही हिशोब चुकलेला होता, तोही उभ्या उभ्या पंप चालवतो. मी तसं फोरमनना सांगितलं. त्यांनी या वेळी ड्यू आहे का विचारलं नाही, दोन्ही मिक्सर आणि टँकर आत घेतले आणि तेल बदललं. तीन नंबरचं तेलही तसंच निघालं, जाड आणि काळं. "एक हफ्ता और चलती तो ये भी गई थी," ते म्हणाले आणि गमछ्याने हात पुसत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "काका ने मुझे भी बोला था. मैंने भी नहीं सुना."

तिसऱ्या दिवशी साहेबांनी सुधारलेला रिपोर्ट मला दाखवला. कारण बदललं होतं: सर्व्हिसच्या तासांचा चुकीचा अंदाज, चालकाने आगाऊ तक्रार करूनही दुर्लक्ष. माझ्या नावाने ताकीद देणारं पत्र होतं. काकांना परत घ्यायला मंजुरी होती. "फोन लाव त्याला," साहेब म्हणाले.

मी चार वेळा लावला. काकांनी उचलला नाही. मग स्कूटी काढली आणि त्यांच्या गावाला गेले.

घर विचारत पोचले तर ते घराच्या मागच्या खळ्यात होते. उन्हाळी धानाची मळणी चालू होती. ट्रॅक्टरवर जोडलेलं थ्रेशर धडधडत होतं, तणीस, म्हणजे मळून उरलेलं काड, एका बाजूला उडत होतं आणि काका तोंडाला गमछा बांधून पेंढ्या सरकवत होते. त्यांनी मला पाहिलं, पेंढ्या संपवल्या आणि मगच आले. त्यांच्या बायकोने पाण्याचा लोटा आणून दिला.

"काका, चूक माझी होती," मी म्हटलं. थ्रेशरच्या आवाजात मला ओरडून म्हणावं लागलं. "मी तास मोजले. सातशे झाले होते. मी आकडा मनाने भरला होता."

"मले माहीत होते ते," ते म्हणाले. "तुमाले आता माहीत झाले."

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. दोन्ही केलं नाही. गमछा सोडून तोंड पुसलं आणि विचारलं, "त्या कागदावर माझं नाव आहे का अजून?"

"नाही. म्हणजे आहे, पण वेगळं लिहिलंय. तुम्ही आधीच सांगितलं होतं असं."

"दाखवा."

मी मोबाइलवर रिपोर्ट उघडला. त्यांनी तो हातात घेतला, लांब धरला आणि घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली. ती बारावी झालेली होती. ओल्या हाताने आली, पदराला हात पुसून मोबाइल घेतला. "वाच," काका म्हणाले. "मोठ्यानं."

थ्रेशर बंद करायला लावलं. ट्रॅक्टरवाला, पेंढ्या उचलणाऱ्या दोन बायका, काकांची बायको, सगळे उभे राहून ऐकू लागले. ती इंग्रजी एकेक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. माझं नाव आलं तिथे ती थांबली, माझ्याकडे पाहिलं.

"वाच न," काका म्हणाले.

तिने वाचलं. कुणी आधार न घेता आकडा भरला, चालकाने तेल दाखवलं तेव्हा कुणी त्याला परत पाठवलं, सगळं. मी त्या खळ्यात उभी होते, पायाखाली धानाचा कोंडा, आणि माझे हात कुठे ठेवावेत ते मला सुचत नव्हतं. एका बाईने दुसरीला विचारलं, "हीच का ती?" दुसरीने मान हलवली.

वाचून झालं. काकांनी गमछा झटकून खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "याच्यात एक गोष्ट नाई लिवली."

"कोणती?"

"लाल दिवा लागल्यावर मी तीन मिनिटं चालवली. माल वाचवाले चालवली, पण चालवली. ते बी लिवा."

"त्याची काही गरज नाही, काका. इंजिन आधीच गेलं होतं."

"गरजेचं नाई विचारून राह्यलो मी. तुमचं लिवलं न? मंग माझं बी लिवा. अर्धं खरं कायले पाठवता?"

मी हो म्हटलं. त्यांनी सुनेकडून मोबाइल घेऊन मला परत दिला. "धान झालं का येतो. सा-सात दिवस लागन." आणि ट्रॅक्टरवाल्याला हाताने खूण केली. थ्रेशर पुन्हा सुरू झालं. त्यांच्या बायकोने जाताना मला भाकर खाऊन जा म्हटलं. मी नको म्हणणार होते, पण बसले. अंबाडीची भाजी होती, तिखट. मी सगळं खाल्लं.

तीन मिनिटांची ओळ मी रिपोर्टात घातली. साहेबांनी विचारलं, हे आता कशाला. मी म्हटलं, त्यांनीच सांगितलंय. त्यांनी डोक्याला हात लावला, पण सही केली.

काका आठव्या दिवशी आले. दोन नंबरला तोवर दुसरं इंजिन बसलं होतं आणि डॅशबोर्डवर तास मोजणारं छोटं मीटरही. ड्रम फोडून साफ केला होता, पण आतल्या पात्यांच्या बेचक्यांत थोडं काँक्रीट राहिलंच, ते निघण्यासारखं नव्हतं. साहेब म्हणाले, त्यांना टिप्पर द्या, त्यात कटकट कमी. काकांनी दोन नंबरच मागितला.

त्या सकाळी त्यांनी गाडी सुरू केली तेव्हा मी यार्डातच होते. केबिनच्या काचेतून ते मीटरकडे बघत होते. मी जवळ गेले तर काच खाली केली.

"चालतंय का नीट?" मी विचारलं.

"चालते. ड्रम थोडा जड फिरून राह्यला." त्यांनी गिअर टाकला. "सरका बाजूला, मॅडम. प्लांटवर लाइन लागली असन."

मी बाजूला झाले.